जँगोत लाखाचा स्वल्पविराम चुकतोय: बग म्हणून तिकीट टाकू की आधी चर्चेत विचारू?

जामसंडेकर_पायथन (देवगड)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण तुकडे करून विचारला तर संदर्भ लागणार नाही, म्हणून सगळं एकदम लिहितोय.

आमची हापूसची कलमं आहेत आणि काकांची पॅकिंगची शेड आहे. शेजारच्या अकरा बागायतदारांचा माल आमच्याबरोबरच वाशीला जातो. वाशीहून पट्टी येते: किती पेट्या, चार डझनी किती, पाच डझनी किती, दर काय लागला, त्यातून हमाली, तोलाई, भाडं वजा. हे सगळं काकांच्या लाल वहीत असायचं. दोन हंगामांपूर्वी मी त्यासाठी जँगोमध्ये (पायथन भाषेत वेबसाइट बांधायची तयार चौकट) छोटं अ‍ॅप लिहिलं. आता प्रत्येकाला आपापला हिशोब फोनवर दिसतो, आणि संध्याकाळी शेडवर वहीभोवती जी गर्दी व्हायची ती थांबली.

या एप्रिलमध्ये काका फोन हातभर लांब धरून आपली पट्टी बघत होते. खाली एकूण रक्कम होती १२५,४००. त्यांनी स्वल्पविरामावर बोट ठेवलं, तर पडदाच सरकला. परत खाली आणला, पुन्हा बोट ठेवलं, मागचे आकडे एकेक करून मोजले आणि मला म्हणाले, "अरे, ह्ये सवा लाख मां? मग हो स्वल्पविराम खंय पडलो?" काका आयुष्यभर लाखांचे हिशोब तोंडी करत आलेत. वहीत ते डोळे मिटून १,२५,४०० लिहितात. माझ्या अ‍ॅपने त्यांना आकडे मोजायला लावले, हे मला लागलं.

मग मी सेटिंग्ज फाइलमध्ये हजारांचा विभाजक सुरू केला होता त्याच्याच खाली 'नंबर ग्रुपिंग'ला (३, २, ०) दिलं, म्हणजे शेवटचे तीन अंक एकत्र, मग दोन-दोन. जँगोच्या दस्तऐवजात भारतीय पद्धतीसाठी हेच उदाहरण दिलेलं आहे. काहीही फरक पडला नाही. सर्व्हर बंद करून चालू केला, कॅश साफ केली, तरी तेच १२५,४००. भाषेचं सेटिंग मूळचंच आहे, 'ईएन-यूएस', म्हणजे अमेरिकी इंग्रजी. म्हणजे मी दिलेलं सेटिंग जँगो सरळ दुर्लक्षित करतंय. मला हा बग वाटतो.

आता खरी अडचण सांगतो. मागच्या वर्षी एका लहानशा ओपन सोर्स पॅकेजमध्ये (नाव घेत नाही) मी एक सुधारणा पाठवली होती. तीन रात्री बसून लिहिली होती. वाऱ्याने नेटवर्क जायचं, मग माळ्यावर जाऊन हॉटस्पॉट धरायचा. दुसऱ्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं आणि पुल रिक्वेस्ट (बदल घ्या अशी विनंती) बंद. कारण नाही, पुढे काय करू तेही नाही. त्यानंतर दोन महिने मी गिटहब (कोड ठेवायची साइट) उघडलंच नाही. जँगोच्या बाबतीत मला ते पुन्हा नकोय. इंग्रजी वाचता येतं, पण चार जणांत वाद घालण्याइतकं लिहिता येत नाही.

तर विचारायचं ते असं. हा बग आहे का? असेल तर तिकीट (बगची नोंद) कुठे आणि कसं टाकायचं? आणि जगभरातल्या एवढ्या अनुभवी लोकांच्या चर्चेत आपल्यासारख्याने तोंड कसं उघडायचं?


कुडाळचो_कोडर (कुडाळ)

बग नाही. भाषेच्या फाइलमधली मांडणी सेटिंगपेक्षा वरचढ ठरते, असं दस्तऐवजात लिहिलेलं आहे. जँगोच्या 'ईएन' फोल्डरातल्या फॉरमॅट्स फाइलमध्ये ग्रुपिंग ३ दिलंय, म्हणून तुझ्या (३, २, ०) पर्यंत गाडी पोचतच नाही.

आजच्या आज उपाय हवा असेल तर: प्रकल्पात 'फॉरमॅट्स' नावाचा फोल्डर कर, त्यात 'ईएन' फोल्डर, दोन्हींत रिकामी इनिट फाइल, आणि आतल्या फोल्डरात फॉरमॅट्स डॉट पाय. त्यात फक्त एक ओळ, नंबर ग्रुपिंग बरोबर (३, २, ०). मग सेटिंग्जमध्ये 'फॉरमॅट मॉड्यूल पाथ'ला या फोल्डराचा पत्ता दे. झालं.

एक सावधगिरी. हजारांचा विभाजक चालू असला की टेम्प्लेटमध्ये छापलेल्या प्रत्येक पूर्णांकात तो शिरतो. पट्टीचा क्रमांक १०४२ असेल आणि दुव्याचा पत्ता तू हाताने जोडून लिहिला असशील, तर पत्त्यात १,०४२ जाईल आणि पान सापडणार नाही. 'यूआरएल' टॅग वापर, किंवा त्या जागी 'अनलोकलाइझ' फिल्टर लाव, तो आकड्यात विभाजक घालू देत नाही. माझ्या काजूच्या गोदामाच्या अ‍ॅपमध्ये हजारावी पावती निघाली त्या दिवशी हे झालं होतं. नऊशे नव्व्याण्णवपर्यंत सगळं सुरळीत होतं, त्यामुळे कारण सापडायला अख्खा दिवस गेला.


मिऱ्याबंदर (रत्नागिरी)

कुडाळवाल्या दादांनी उपाय बरोबर सांगितलाय. मी तुझ्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते, कारण मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. मी स्वतः जँगोत भाषांतर आणि दस्तऐवजातल्या दुरुस्त्या करते, कोडला क्वचितच हात लावते.

आधी तिथे काय कुठे बोललं जातं ते समजून घे. जँगोचं कोड गिटहबवर आहे, पण तिकिटं 'ट्रॅक' नावाच्या वेगळ्या नोंदवहीवर असतात. बग असेल तर तिकीट. अगदी नवी सोय हवी असेल तर आता गिटहबवरच्या 'न्यू फीचर्स' प्रकल्पात मागणी. आहे ती वागणूक बदलायची असेल तर आधी जँगोच्या फोरमवर चर्चा. 'माझ्या प्रकल्पात हे चालत नाही' असा प्रश्नही फोरमवरच, पण मदतीच्या विभागात. तू जे लिहिलंस ते तिकीट म्हणून टाकलं असतंस तर ते 'इनव्हॅलिड' (बग नाही) म्हणून बंद झालं असतं, कारण जँगो दस्तऐवजात लिहिल्याप्रमाणेच वागतंय. पुन्हा तीच ठेच लागली असती. इथे आधी विचारलंस ते फार बरं केलंस.

तिकीट आलं की ते 'अनरिव्ह्यूड' (न तपासलेलं) असतं. कोणीतरी ते स्वतःच्या यंत्रावर पडताळून बघतं आणि 'अ‍ॅक्सेप्टेड' करतं, किंवा कारण लिहून बंद करतं. हे काम करायला कुठलं पद लागत नाही, तू आणि मीसुद्धा करू शकतो. मग पॅच (कोडमधला बदल) येतो, त्यावर खुणा लागतात: चाचण्या हव्यात, दस्तऐवज हवा, पॅच सुधारायला हवा. सगळं नीट झालं की पॅच लिहिणाऱ्याखेरीज दुसरं कोणी 'रेडी फॉर चेकइन' (कोडमध्ये घ्यायला तयार) करतं. पूर्वी तिथे 'कोअर टीम' होती. २०२० मध्ये ती मोडून कामं वाटून दिली, विलीन करणारे वेगळे, आवृत्ती काढणारे वेगळे, आणि वाद मिटला नाही तर निवडून आलेलं मंडळ. याशिवाय जँगो सॉफ्टवेअर फाउंडेशन 'फेलो' नेमतं. त्यांना मानधन मिळतं, आणि रोजची तिकिटं चाळणं, पॅच तपासणं हे त्यांचं कामच आहे. तुझ्या त्या लहान पॅकेजमागे बहुधा एकच माणूस असेल, नोकरी सांभाळून करणारा. कारण न देता बंद करणं चूकच, पण इथली घडी वेगळी आहे एवढं लक्षात ठेव.

'वोंटफिक्स' हा शब्द पहिल्यांदा वाचला की कानशिलात बसल्यासारखं होतं. माझं एक तिकीट तसं बंद झालं तेव्हा मी रात्रभर त्याच्यावर विचार करत होते. त्याचा अर्थ एवढाच की आत्ता, या स्वरूपात, आम्ही हे घेणार नाही. पटलं नाही तर तिकीट पुन्हा उघडायचं नाही, फोरमवर जाऊन मुद्दा मांडायचा, लोकांची सहमती झाली तर तिकीट परत उघडतं. मी ते केलं. अर्धा मुद्दा मान्य झाला, अर्धा नाही. जो नाही झाला त्याचं कारण आता मला स्वतःला पटतं.

आता तुझा विषय. तुझ्या मनात दोन मागण्या असतील, असा माझा अंदाज आहे. एक, 'ईएन'मधलं ३ काढून (३, २, ०) करा. दोन, सेटिंगला भाषेच्या फाइलपेक्षा वरचढ करा. दोन्ही मागू नकोस. का ते बघ. 'ईएन' बदललं तर अमेरिकेतल्या दुकानाच्या साइटवर उद्या १,२५,४०० दिसेल, तिथलं गिऱ्हाईक तुझ्या काकांसारखंच बोट ठेवून मोजत बसेल. सेटिंग वरचढ केलं तर एकाच साइटवर मराठी आणि जर्मन दोन्ही असलेल्या माणसाची पंचाईत. जर्मनमध्ये विभाजक टिंब असतो, त्यांना १.२५.४०० दिसेल. तिथल्या चर्चेत कुठल्याही सूचनेला पहिला प्रश्न हाच येतो: यामुळे कुणाचं चालू असलेलं काम मोडेल? जुनी सोय काढायची असली तरी आधी इशारा देतात आणि किमान दोन आवृत्त्या ती तशीच ठेवतात. पहिल्या पोस्टमध्येच या प्रश्नाचं उत्तर लिहिलेलं असलं की पुढचं बोलणं एकदम सोपं होतं.

मागण्यासारखं आहे ते हे: मराठी भाषा निवडली की लाखाची मांडणी आपोआप मिळावी. त्यासाठी जँगोच्या मुख्य शाखेत कॉन्फ, लोकॅल, एमआर (म्हणजे मराठी) हा फोल्डर उघडून बघ आणि फॉरमॅट्स फाइलच्या दिशेने काम कर. लक्षात ठेव, मराठी वाक्यांचं भाषांतर ट्रान्सिफेक्स नावाच्या भाषांतराच्या साइटवर होतं, तिथे पुल रिक्वेस्ट पाठवायची नसते. फॉरमॅट्स फाइल मात्र ट्रान्सिफेक्सवर नाही. तिच्यासाठी तिकीट टाकायचं, त्यात घटक म्हणून 'ट्रान्सलेशन्स' निवडायचं आणि कोडसारखी पुल रिक्वेस्ट करायची. सुरुवातीला मी याच गोंधळात अडकले होते, म्हणून एवढं फोडून सांगतेय.

पुरावा म्हणून 'आमच्याकडे असंच लिहितात' पुरत नाही. युनिकोडचा सीएलडीआर हा भाषांच्या रीतींचा साठा आहे, त्यात मराठीची संख्यारचना आधी तीन आणि मग दोन-दोन अशीच दिलेली आहे. तो दुवा दे. मात्र त्याच साठ्यात मराठीचे मूळ अंक देवनागरी धरलेत. तो विषय त्याच तिकिटात आणू नकोस. इंग्रजी अंकांत 125 की देवनागरीत १२५, यावर आपल्यातच दोन मतं होतील आणि स्वल्पविराम बाजूला राहील.

भाषांतराचं एक उदाहरण देते, म्हणजे कुठलं काम कुठे जातं ते कळेल. अर्जातला रकाना रिकामा सोडला की जँगो एक इंग्रजी वाक्य दाखवतं, हे भरणं आवश्यक आहे या अर्थाचं. 'फील्ड'ला 'क्षेत्र' म्हणायचं की 'रकाना'? माझी आई तलाठ्याकडच्या अर्जाबद्दल बोलताना 'रकाना' म्हणते, मी त्याच बाजूची. 'हटवा' की 'काढून टाका', हेही तसंच. हे वाद ट्रान्सिफेक्सवर मराठी गटात मिटतात. आता ह्यूमनाइझमधला (आकडे वाचायला सोपे करणारा जँगोचा भाग) 'इंटवर्ड' घे. तो १२ लाखांना १.२ मिलियन करतो. मिलियनला दशलक्ष लिहून भाषांतर पुरं होतं, पण '१.२ दशलक्ष' असं रत्नागिरीच्या बाजारात कोण म्हणेल? इथे भाषांतर काही करू शकत नाही, कारण भागाकारच कोडमध्ये दहाच्या सहाव्या घातापासून सुरू होतो. लाख आणि कोटी हवे असतील तर रचनाच बदलावी लागेल. ती वेगळी, मोठी चर्चा आहे. मला ती एक दिवस करायचीच आहे.

नेटवर्कचं म्हणशील तर जँगोचं भांडार सगळ्या इतिहासासकट उतरवू नकोस. क्लोन करताना (कोड उतरवताना) 'डेप्थ' १ दे, फक्त शेवटची अवस्था येईल. चाचण्या हजारो आहेत, त्या सगळ्या लॅपटॉपवर चालवायची गरज नाही. टेस्ट्स फोल्डरातल्या रनटेस्ट्सला 'आय१८एन' आणि 'ह्यूमनाइझ टेस्ट्स' एवढीच नावं दे, आधी एसक्यूलाइट या साध्या डेटाबेसवर चालव. बाकीचं पुल रिक्वेस्ट केल्यावर त्यांच्याकडची यंत्रं चालवतात. कमिटचा (बदलाच्या नोंदीचा) संदेश 'फिक्स्ड', तिकीट क्रमांक, दोन आडव्या रेघा, मग भूतकाळातलं एक वाक्य आणि शेवटी पूर्णविराम. पूर्णविराम राहिला तर सांगतात, पण रागावत नाहीत.

इंग्रजीची भीती मला पण होती. मी आधी मराठीत लिहिते, मग प्रत्येक वाक्याचे दोन करते, आणि मगच इंग्रजीत नेते. तिथे चर्चा करणाऱ्या कित्येकांची मातृभाषा इंग्रजी नाही. लहान वाक्यांचं कुणाला वावडं नसतं. सोबत लागत असेल तर जँगोनॉट स्पेस नावाचा उपक्रम आहे. आठ आठवडे छोट्या गटात, अनुभवी माणूस बरोबर घेऊन पहिलं योगदान करवून घेतात. आपल्या हंगामात मात्र नाव घालू नकोस.


चिवल्याचा_वारा (मालवण)

मी वेगळं मत मांडतो, राग नसावा. काम झालं ना? फॉरमॅट्स फोल्डरने काकांचा स्वल्पविराम जागेवर आला. मग महिनाभर परक्या लोकांशी इंग्रजीत बोलून काय मिळणार? आमच्या होमस्टेच्या बुकिंगला मी असे वीस तरी बदल स्वतःच्या कोडमध्ये करून ठेवलेत. नवी आवृत्ती आली की तासभर बसतो, पुन्हा जुळवतो. मला ते परवडतं. प्रत्येकाने जँगोचा संसार सांभाळायला हवा असं नाही.


मिऱ्याबंदर (रत्नागिरी)

राग कसला, तुमचंही खरं आहे. पण तुमचा तो तासभर मालवणात जातो, तसाच तासभर नाशिकच्या द्राक्षवाल्याचा आणि सांगलीच्या हळदवाल्याचाही जातो. सगळे तीच एक ओळ लिहितात.

आणि जँगो मुळात जन्मलं ते कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावातल्या वर्तमानपत्राच्या कचेरीत, २००३ मध्ये. बातमीच्या घाईत पानं उभी करावी लागत, म्हणून एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी ते स्वतःच्या कामापुरतं रचलं. २००५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं, म्हणून आज देवगडच्या पट्ट्या त्यावर निघतात. त्यांनीही ते कचेरीतच ठेवलं असतं तर?


जामसंडेकर_पायथन (देवगड)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल पाऊस होता, शेडवर काम नव्हतं, म्हणून सगळं करून बघितलं.

कुडाळच्या दादांचा उपाय चालला. पट्ट्यांचे दुवेही तपासले. दोन ठिकाणी पत्ता हाताने जोडलेला निघाला, तिथे 'यूआरएल' टॅग लावला. आमच्या पट्ट्या आठशेच्या घरात आहेत, म्हणजे पुढच्या हंगामात ऐन गर्दीत हे फुटलं असतं. काकांना १,२५,४०० दाखवलं. ते काही बोलले नाहीत, खाली सरकवून हमालीची रक्कम बघायला लागले. तेवढ्यावरून मला कळलं.

ताई, तुम्ही म्हणालात त्या दोन्ही मागण्या खरंच माझ्या मनात होत्या, आणि जर्मनवाल्याचा विचार मला शिवलाही नव्हता. आता फोरमवर टाकायला हा मजकूर केलाय. इंग्रजीत न्यायच्या आधी बघाल का?

"मी भारताच्या किनाऱ्यावरच्या एका गावात आंबा उत्पादकांसाठी जँगो वापरतो. मराठीत सवा लाख हा आकडा १,२५,००० असा लिहितात. सगळे भारतीय असंच लिहितात आणि १२५,००० कुणालाच वाचता येत नाही. मराठी निवडल्यावर ही मांडणी आपोआप मिळावी. सीएलडीआरमध्येही तशीच नोंद आहे. इंग्रजीत किंवा इतर भाषांत काहीही बदलू नये. 'इंटवर्ड'मध्येही लाख आणि कोटी असावेत. मी पॅच आणि चाचणी लिहायला तयार आहे."


मिऱ्याबंदर (रत्नागिरी)

छान झालंय. थोडी काटछाट सुचवते.

'सगळे भारतीय' आणि 'कुणालाच वाचता येत नाही' ही वाक्यं काढ. कुणीतरी एक अपवाद दाखवेल आणि चर्चा तिकडे जाईल. त्याऐवजी काकांनी बोट ठेवून आकडे मोजले ते दोन वाक्यांत लिही. ते तू डोळ्यांनी पाहिलंयस, त्यावर कुणी वाद घालणार नाही. 'इंटवर्ड'ची ओळ पूर्ण काढ, ती वेगळी चर्चा. 'इतर भाषांत काहीही बदलू नये' हे शेवटून उचलून दुसऱ्या वाक्यात आण, वाचणाऱ्याच्या मनातली पहिली शंका तीच असते. दुरुस्तीआधी काय दिसायचं आणि नंतर काय दिसायला हवं, दोन्ही ओळी एकाखाली एक दे. जँगोची आवृत्ती लिही. शेवट प्रश्नाने कर: हे थेट तिकीट म्हणून चालेल का, की आणखी कुणाचं मत घ्यावं?

आणि लगेच उत्तर आलं नाही तर घाबरू नकोस. आपली दुपार होते तेव्हा तिथे कितीजण झोपलेले असतात. आठवडाभर थांब, मग एकदाच नम्रपणे आठवण कर.


जामसंडेकर_पायथन (देवगड)

तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. काकांचा किस्सा दोन वाक्यांत बसला. आत्ताच फोरमवर टाकलंय, माळ्यावर बसून, कारण खाली रेंज नाही. तीन वेळा वाचून मग बटण दाबलं.

उद्या पहाटे शेवटच्या पेट्या भरायच्या आहेत, त्यामुळे दिवसभर फोन हातात नसेल. उत्तर आलं की तिकीट क्रमांकासकट इथेच लिहितो.